गच्चीवरची बाळंतीण

छताला ओल आली की माणूस आधी रंगाऱ्याला बोलावतो, मग प्लंबरला, मग देवाला. श्यामसुंदर रेडकर हे तिन्ही उपाय करून थकले आणि शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी झाले. दुसरा मार्गच उरला नव्हता. ऐरोलीतल्या त्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत गच्चीखालच्या माणसाची गळती ही त्याची खाजगी बाब समजली जायची. तळमजल्याला गटाराचं दुःख होतं, चौथ्याला गच्चीचं, आणि मधल्यांना कसलंच दुःख नव्हतं. मतं मात्र मधल्यांचीच जास्त.

सोसायटीचं नाव 'निसर्गदीप'. गेल्या वर्षी कुठल्याशा निसर्गस्नेही सोसायटी स्पर्धेसाठी अध्यक्ष नंदकुमार सामंत यांनी गेटवर फायबरचे दोन फ्लेमिंगो बसवले आणि त्यांच्या पायाशी बोर्ड लावला, 'येथे पक्ष्यांचे स्वागत आहे.' उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पुढे गणपतीचा मांडव काढताना एका फ्लेमिंगोची चोच मोडली. ती एम-सीलने चिकटवली, पण जरा वाकडी बसली. तेव्हापासून तो पक्षी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे काहीतरी खटकल्यासारखा बघत असतो. रेडकरांना तो आपला वाटायचा.

तर गळती. गेली तीन वर्षं रेडकर आणि त्यांच्या पत्नी नंदिनी पावसाळाभर हॉलमध्ये झोपायचे आणि आतल्या खोलीत बादली झोपायची. सवयीने माणूस कशालाही सरावतो. पण यंदा गळतीला मुदत आली. त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, जाईला, दिवस गेले. जाई नवऱ्याबरोबर बंगळुरूला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज रेडकरांनी केला नव्हता, पण तो मोडणारे पहिले रेडकर आपण ठरू नये एवढीच त्यांची इच्छा होती. जाई जूनमध्ये येणार, बाळ जुलैत. म्हणजे ऐन पावसात ती त्याच खोलीत, त्याच बादलीशेजारी निजणार.

त्यातून विहीणबाई. गीतांजलीताई द्रोणागिरीच्या नव्या टॉवरमध्ये राहायच्या आणि स्वभावाने इतक्या गोड होत्या की त्यांच्याशी भांडायची सोय नव्हती. "श्यामसुंदरराव, तुम्ही अजिबात संकोच करू नका," त्या दर फोनला म्हणायच्या. "नाहीच जमलं तर आमच्याकडे आहेच की. दोन लिफ्ट आहेत, खोली हवेशीर. अन् गळतीबिळतीची भानगड नाही बघा आमच्यात." हे 'आमच्यात' रेडकरांना फोन ठेवल्यावरही ऐकू यायचं. गळती हा जणू काही त्यांच्या घराण्यातला दोष होता.

म्हणून सेक्रेटरी होताच रेडकरांनी वॉटरप्रूफिंगचा ठराव आणला आणि मधल्या मजल्यांच्या पाया पडून मंजूर करून घेतला. काम शिवराम पाटलांना दिलं. शिवराम इथल्याच गावठाणातले. गळ्यात जाड साखळी, दारात मोठी गाडी, आणि निम्म्या ऐरोलीच्या गच्च्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांच्या माणसांनी एप्रिलमध्ये खडी चार मजले वाहून नेली आणि गच्चीवर पसरून ठेवली. दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायचं, तोच सामंतांनी फोन केला.

"रेडकर, वरचा कोट कुठल्या रंगाचा?"

"पांढरा. ऊन परत जातं."

"पण निसर्गदीप नाव आहे आपलं. हिरवा नको का?"

झालं. रंगावर मीटिंग लागली. कोरम झाला नाही. दुसरी लागली, तीत हिरव्याच्या कोणत्या छटेवरून दोघं उठून गेले. मग ग्रुपवर मतदान झालं आणि त्यात पिस्ता रंगाला बहुमत मिळालं, जो कोणी सुचवलाच नव्हता. या सगळ्यात खडी गच्चीवर नुसती पडून राहिली. शेवटी पांढरा ठरला. रेडकर हर्षभरित होऊन, पुढचं मोजमाप घ्यायला टेप हातात घेऊन गच्चीवर गेले आणि त्यांच्या डोक्यावरून काहीतरी किंचाळत गेलं.

टिटवी होती. आधी एक, मग दुसरी. लांब पिवळे पाय, डोळ्यांपुढे लाल कातडं, आणि आवाज असा की जणू गच्ची त्यांच्या नावावर होती आणि रेडकर विनापरवाना घुसले होते. खडीत एक उथळ खळगा होता आणि खळग्यात चार अंडी, खडीच्याच रंगाची. रेडकरांनी अंदाज घेतला. पाण्याची टाकी इथे, जिन्याचं दार तिथे. म्हणजे अंडी बरोब्बर जाईच्या पलंगाच्या वर होती. एवढी मोठी गच्ची, पलीकडे खाडी, खारफुटी, सगळा मोकळा परिसर पडलेला, आणि ही बाई नेमकी इथे. कोरम होईपर्यंत टिटवीने संसार थाटला होता.

बातमी जिन्याने खाली गेली आणि सल्ले त्याच जिन्याने वर आले. सामंत म्हणाले, टिटवी ओरडणं अशुभ, ताबडतोब हलवा. दुसऱ्या मजल्याचे म्हणाले, अंडी उचलून खालच्या बागेत ठेवा, तिला काय कळतंय. कोणी म्हणालं, काही करू नका, कावळे आपोआप नेतील. हे शेवटचं ऐकून रेडकरांच्या मनात क्षणभर आशा चमकली आणि पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली. पहिल्या मजल्यावरच्या मालतीबाईंनी वेगळंच सांगितलं. "टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस दणकून पडतो. आमच्या गावी जमिनीवर घालायची, तेव्हा बेताचा पडायचा. इथे तर चार मजले वर घातलीत." रेडकर मुकाट्याने घरी गेले आणि छताकडे बघत बसले.

तातडीची सभा झाली. या वेळी कोरम झाला, कारण विषय दुसऱ्याच्या गच्चीचा होता. सामंतांनी फ्लेमिंगोंच्या बोर्डाला धरून भाषण केलं. आपण पक्ष्यांचं स्वागत करतोच, पण त्यालाही काही पद्धत असते, असा त्यातला मुद्दा होता. हात वर व्हायला लागले तेवढ्यात मालतीबाई खुर्चीत सरळ झाल्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, आणि निम्म्या इमारतीची पोरं त्यांनी न्हाऊ-माखू घातलेली.

"एक विचारू का रे, नंदकुमार? बाळंतपणाला आलेल्या बाईला कोणी घराबाहेर काढतं का?"

"मालतीकाकू, तो पक्षी आहे."

"मग? अवघडलेली होती, जागा शोधत आली, तुमच्या दारात टेकली. तुमच्याच बोर्डावर लिहिलंय ना स्वागत म्हणून? आता ती या घरची लेक झाली. लेकीला असं उठवतात?"

सभेतल्या प्रत्येकाला आपापली लेक, नाहीतर आपापलं माहेर आठवलं असावं. सामंतांचा हात हळूच खाली आला. रेडकरांना स्वतःच्या हस्ताक्षरात ठराव लिहावा लागला, की गच्चीवर बाळंतपणास आलेल्या टिटवीस पिल्ले होईपर्यंत राहू द्यावे. त्याखाली दुसऱ्या मजल्याने एक ओळ घालायला लावली. तिची सर्व व्यवस्था सेक्रेटरींनी पाहावी.

घरी नंदिनीताई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तिचं बाळंतपण वर, तर मग आपल्या जाईचं कुठे?"

रेडकर कायद्याने काही होतंय का बघायला बाहेर पडले.

पहिल्या कार्यालयात विचारलं, "पक्षी जखमी आहे का?"

"नाही."

"मग तक्रार काय?"

"अंडी घातली आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. "जंगली पक्ष्याची अंडी हलवता येत नाहीत. गुन्हा आहे. तुम्ही हलवली का?"

"नाही हो! म्हणून तर आलो. आता काय करायचं ते विचारायला."

"लेखी अर्ज करा. सोबत सोसायटीची ना-हरकत जोडा."

सोसायटीचे सेक्रेटरी रेडकरच होते. त्यांनी घरी येऊन स्वतःला अर्ज केला, स्वतःला ना-हरकत दिली, स्वतःचा शिक्का मारला आणि पोच म्हणून स्वतःचीच सही घेतली. दुसऱ्या कार्यालयाने सांगितलं, कुत्री-मांजरं आमची, आकाशातलं आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या ठिकाणी फोनवर बाईंनी फार आपुलकीने चौकशी केली आणि लगोलग माणूस पाठवला. तो हातात लांब आकडा आणि पाठीला पोतं घेऊन चार मजले चढला, टिटवीकडे बघितलं, आणि म्हणाला, "साप कुठाय?" साप नाही म्हटल्यावर तो इतका हिरमुसला की नंदिनीताईंनी त्याला सरबत देऊन वाटेला लावलं.

आता व्यवस्था. मे महिन्यात गच्चीवर भाकरी भाजून निघेल असं ऊन. मालतीबाईंचा हुकूम, बाळंतिणीला पाणी हवं. रेडकर पहिल्या दिवशी ताटली घेऊन गेले तर टिटवीने टकलावर झडप घातली. दुसऱ्या दिवशी ते स्कूटरचं हेल्मेट घालून गेले. तिसऱ्या दिवशी हेल्मेट, वर उघडी छत्री, दुसऱ्या हातात ताटली, असे ओणवे होऊन खडीतून जात असताना समोरच्या इमारतीतून कोणीतरी व्हिडिओ काढला. तो संध्याकाळपर्यंत घणसोलीला पोचला. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. वाण्याच्या दुकानात एक अनोळखी गृहस्थ त्यांना आदराने म्हणाले, "तुम्हीच ना ते, टिटवीवाले?" वेळ आली की टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. समुद्राचं ठाऊक नाही, पण रेडकरांना तिने आठवडाभरात आटवलं.

नंदिनीताईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. आधी त्या नवरा पडला-बिडला तर म्हणून जिन्याच्या दारात उभ्या राहायच्या. मग तिथेच पाट टाकून बसायला लागल्या. एक दिवस म्हणाल्या, "अहो, बघितलंत का? ती ताटलीत उतरते, पोट ओलं करते, आणि तशीच जाऊन अंड्यांवर बसते. गार करते त्यांना. मग तो येतो, ती उठते, तो बसतो. नवरासुद्धा बसतो हं." शेवटचं वाक्य त्यांनी जरा सावकाश म्हटलं. रेडकरांनी ते मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ताटलीच्या जागी मोठी परात नेली.

अशात शिवराम पाटील माणसं घेऊन आले. त्यांनी गच्चीचं दार उघडलं, चार पावलं टाकली आणि जितक्या वेगाने गेले त्याहून जास्त वेगाने परत आले. टिटवीने साखळीलाच चोच मारली म्हणाले.

"सेक्रेटरी, हा काय हाय?"

रेडकरांनी ठराव दाखवला. शिवराम पोटभर हसले. "आमच्या शेतान पन टिटव्या अंडी घालाच्या. बापूस नांगर बाजूनं वलवून न्यायचा. पन त्याच्यासाटी कोनी मीटिंग नाय घेतली बगा." मग त्यांनी कठड्याशी जाऊन खाली बोट दाखवलं. "ही तुमची बिल्डिंग हाय ना, हितंच व्हता शेत. ती तुमच्या गच्चीव नाय आली. ती आमच्या शेतान आली. शेत तेवरा चार मजलं वर गेला."

रेडकरांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. मग शिवरामना धंदा आठवला. "पन मी काय बोलतो, माजी मानसं अशी बसून नाय राहनार. तुर्भ्याला गोदामाची कामं हायेत. बापूस करायचा तसा करतो. तिचा घर सोडून बाकीचा मारून देतो."

आणि तसंच केलं. जिन्याच्या बाजूला, टाकीखाली, चारी कोपऱ्यांत, सगळी गच्ची पांढरीशुभ्र झाली. मधोमध खडीचा एक गोल तेवढा राहिला आणि त्यात टिटवी, मालकिणीसारखी. सगळ्या चौथ्या मजल्याच्या गळतीची काळजी मिटली, फक्त जाईच्या पलंगावरची सोडून. शेजारच्या बिऱ्हाडाने पेढे आणून दिले. रेडकरांनी ते घेतले. काय करणार?

मेअखेरीस पिल्लं निघाली. चारांतली तीन. काड्यांवर कापूस ठेवावा तशी ती खडीतून धावायला लागली आणि सोसायटीत एकच धांदल उडाली. मधले मजले, ज्यांनी उभ्या जन्मात गच्ची पाहिली नव्हती, ते पोराबाळांना घेऊन दारात रांग लावायला लागले. मालतीबाईंनी नंदिनीताईंकडे डिंकाचे लाडू पाठवले. टिटवी लाडू खात नाही हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून ते रेडकरांनी खावेत असा निरोप होता. कष्ट त्यांचेच होते.

पण दुसऱ्या दिवशी आनंद विरला. टिटवी पिल्लांना भरवत नाही. पिल्लांनी आपलं आपण टिपून खायचं असतं, आणि पांढऱ्या कोटावर टिपायला होतं काय? किडा नाही, मुंगी नाही. आई-बाप शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उतरून तिथून हाका मारायला लागले. त्या प्लॉटवर पाणथळ आहे, लव्हाळं आहे, आणि बांधकाम लवकरच सुरू होत असल्याचा एक गंजलेला बोर्ड आहे. हाक आली की पिल्लं कठड्याकडे धावायची. कठड्याला पाणी जायची भोकं होती. एक पिल्लू त्या भोकाच्या तोंडाशी येऊन खाली वाकलं आणि दारातले सगळे एक पाऊल पुढे सरकले.

"उडी मारेल ते!" सामंत ओरडले. अशुभवाले सामंत. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून भोकात कोंबला.

रेडकरांनी पहिल्या कार्यालयाला फोन लावला. अर्ज विचाराधीन आहे असं कळलं. मग नंदिनीताई म्हणाल्या, "अहो, आता कोणाला विचारायचं नाही. खाली नेऊ या."

मालतीबाईंनी आपलं जुनं सूप वर पाठवलं. बाळाला पहिल्यांदा सुपात ठेवतात, तसंच नेलं पाहिजे म्हणाल्या. रेडकरांनी हेल्मेट चढवलं, गुडघ्यांवर बसले आणि एकेक पिल्लू उचललं. हाताला वजन असं लागलंच नाही. नुसती ऊब लागली आणि आत काहीतरी भराभर धडधडत होतं. जाईला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा असंच वाटलं होतं, आणि ते इतकी वर्षं आपण विसरून गेलो होतो, हे त्यांना त्या उन्हात, गुडघ्याखाली खडी टोचत असताना कळलं. हेल्मेटच्या काचेआड डोळे पुसता येत नाहीत ही त्याची मोठी गैरसोय आहे.

सुपावर ओढणी टाकून मिरवणूक निघाली. पुढे हेल्मेटधारी सेक्रेटरी, मागे नंदिनीताई, त्यांच्यामागे अध्यक्ष आणि अख्खी जनरल बॉडी. दोन्ही टिटव्या बाहेरून प्रत्येक मजल्याच्या जाळीशी येऊन शिव्याशाप देत होत्या. पहिल्या मजल्यावर मालतीबाईंनी मिरवणूक अडवली. बाळंतिणीला रिकाम्या ओटीने पाठवायचं नाही. त्यांनी सुपात चिमूटभर तांदूळ टाकले, वर हळदीकुंकवाचं बोट हेल्मेटलाच लावलं आणि म्हणाल्या, "जा."

प्लॉटच्या पत्र्यातल्या फटीतून रेडकर आत गेले. चिखलात एक चप्पल गेली. त्यांनी सूप लव्हाळ्याशी टेकवलं, ओढणी काढली. तिन्ही पिल्लं टुणकन उतरली आणि आईच्या हाकेवर गवतात दिसेनाशी झाली. टिटवीने एक शेवटची झडप हेल्मेटवर घातली आणि तीही गेली. रेडकर एका चपलेवर उभे राहून बघत होते. लेक सासरी जाताना निदान दाराशी एकदा मागे वळून बघते. हिने तेवढंही केलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी शिवरामना फोन लावला. शिवराम तुर्भ्यात अडकले होते. "सेक्रेटरी, येवढ्याशा गोलासाटी मानसं कुटून आनू? दसऱ्याला बगू." चार दिवसांनी आभाळ फुटलं. मालतीबाईंचं भाकीत खरं ठरलं. पाऊस चार मजल्यांच्या हिशेबाने पडला आणि जाईच्या पलंगावर मधोमध, बरोब्बर उशीच्या जागी, टपटप सुरू झाली.

रेडकर थकले होते. तीन पावसाळे आणि एक टिटवी त्यांच्या अंगात साचली होती. त्यांनी आधी जाईला फोन केला. "बेटा, खोली काही झाली नाही गं. तू द्रोणागिरीलाच जा. तिथे लिफ्ट आहे." जाई नुसती "बरं" म्हणाली. मग त्यांनी विहीणबाईंना फोन केला. त्या इतकं गोड बोलल्या की रेडकरांना रात्री जेवण गेलं नाही. नंदिनीताईंनी जाईसाठी काढून ठेवलेल्या मऊ चादरी घड्या घालून परत कपाटात ठेवल्या.

आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी जिन्यात गलका झाला. रेडकर दार उघडून बघतात तर तिसऱ्या मजल्याच्या चौकात सामंतांच्या घरातल्या खुर्चीवर जाई बसलेली. धापा टाकत होती. एका बाजूला सामंत तिची बॅग धरून, दुसऱ्या बाजूला त्यांची बायको वारा घालत. पहिल्या मजल्यावर मालतीबाईंची खुर्ची झाली होती, दुसऱ्यावर त्या ठरावात ओळ घालणाऱ्यांचा वेताचा मोडा झाला होता. मजल्यामजल्याला एकेक बैठक घेत लेक वर आली होती.

"अगं, तू इकडे कशी?" रेडकर पायऱ्या उतरत म्हणाले. "तू तर तिकडे..."

जाईने कपाळावरचा घाम पुसला. "कोण कुठली टिटवी, बाबा. तिला बाळंतपणाला ठेवून घेतलंत. हेल्मेट घालून पाणी पाजलंत. आणि मला द्रोणागिरीला पाठवता होय?"

सामंतांनी बॅग खाली ठेवली आणि उगाचच भिंतीवरची सूचना वाचायला लागले.

खोलीत शिरल्यावर जाईने छताकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मग पलंग खिडकीशी सरकवू या की." तीन पावसाळे हे कोणालाच सुचलं नव्हतं. पलंग जिथे आहे तिथेच असतो, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. सामंत आणि रेडकरांनी मिळून तो सरकवला. खिडकीतून खालचा प्लॉट दिसायचा. लव्हाळ्याच्या कडेने दोन टिटव्या आणि त्यांच्यामागे तीन लांबट पायांची, बऱ्यापैकी वाढलेली कार्टी तोऱ्यात चालली होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात विहीणबाई आल्या. हातात मोठी बॅग, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. रेडकर बादली पलंगाखाली लपवायला धावले, पण टपटप लपवता येत नाही. गीतांजलीताई खुर्चीवर बसल्या, चार मजल्यांचा दम खाल्ला आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला गोडवा जरा पातळ झाला होता.

"श्यामसुंदरराव, काय सांगू. आमच्यात वरून गळत नाही. पण खालून आलं. आमच्यामागे एक तळं होतं, ते बुजवून तिथे गोदाम उभं केलं. आता ते पाणी जाईल कुठे? पार्किंगमध्ये कमरेएवढं आहे. दोन्ही लिफ्ट बंद, पंप बंद. मला काही दिवस..."

रेडकर त्यांच्याकडे बघत राहिले. हा क्षण त्यांनी अनेक रात्री मनात रंगवला होता. त्यासाठी वाक्यंसुद्धा तयार होती. आता समोर एक भिजलेली, दमलेली बाई बसली होती आणि त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

"राहा की," ते म्हणाले. "आमच्याकडे आत्ता बाळंतिणींचाच सीझन आहे." आणि ते कोरडा टॉवेल आणायला गेले.

त्या पावसाळ्यात आतल्या खोलीत जाई, बाळ, नंदिनीताई, विहीणबाई आणि बादली राहत होती. रेडकर हॉलमध्ये होते, नेहमीसारखे. नातीचं बारसं झालं तेव्हा ती इतकी रडली की खालून टिटवीने प्रत्युत्तर दिलं, आणि आवाजाबद्दल पहिली तक्रार सेक्रेटरींकडे आली. ती दुसऱ्या मजल्याची होती.

दसऱ्यानंतर शिवराम पाटील शब्दाला जागून आले. उरलेल्या गोलातली खडी उचलली, कोबा केला, पांढरा कोट मारला. गच्ची आरशासारखी झाली. जाई आठवडाभरापूर्वी बाळाला घेऊन बंगळुरूला गेली होती. जिना उतरताना ती प्रत्येक मजल्यावर थांबून मागे बघत गेली होती.

"घ्या सेक्रेटरी," शिवराम हात झटकत म्हणाले. "आता धा वरसं थेंब नाय. खडी तेवरी उरली हाय, खाली टाकू?"

रेडकरांनी त्या गुळगुळीत पांढऱ्या गच्चीकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी त्यांना हवं ते मिळालं होतं आणि त्यांना नुसता थकवा जाणवत होता. प्लॉटवर परवाच बांधकामाचा एक नवा, न गंजलेला बोर्ड लागला होता.

"खाली नको," ते म्हणाले. "इथेच टाका. कोटावर, टाकीच्या सावलीला. घमेलंभर."

"येवरा चकाचक केला, त्याच्याव खडी? कशाला?"

"अहो, बोलावणं नसलं तरी लेक येते कधीतरी," रेडकर म्हणाले. "आली तर टेकायला जागा नको का?"

शिवरामनी माणसाला हाक मारली नाही. स्वतःच घमेलं उचललं, खडी सावलीत ओतली आणि बूट काढून पायाने नीट पसरली, मधोमध जरा उथळ ठेवून. मग दोघं जिना उतरायला लागले. तिसऱ्या मजल्यावर सामंत वाट बघत उभे होते. त्यांना खडीच्या रंगाबद्दल जरा बोलायचं होतं.